दोन ठिपके आणि मधलं सगळं

बुधवार, ११ सप्टेंबर

बारके,

आशीर्वाद आहेतच असं समज आणि पुढे वाच. पाकीट बघून तू ते दोनदा उलटंपालटं केलं असशील, अक्षर खरंच माझं आहे का म्हणून. माझंच आहे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला काय बोलावं ते सुचलं नसतं. म्हणून पत्र. हे भांडण मिटवायला लिहिलेलं नाही, आधीच सांगून ठेवते. कामाचा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देऊ शकतील अशी माणसं मला तरी दोनच माहीत आहेत. त्यातली एक मी.

तुमच्या कंपनीत बनते ती बारीक जाळी, दोन टोकांना ठिपके असलेली, ती तू स्वतःच्या हृदयात बसवून घेशील का? हो की नाही, एवढंच कळव. कारणं नकोत, कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

उन्हाळ्यापासून, आपण दोघी एकत्र काम करायचो त्या वर्कशॉपचा जिना चढताना माझा जबडा दुखायचा. जबडा दुखतो म्हणून मी दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि त्या बिचाऱ्याने एक धडधाकट दाढ कोरून ठेवली. मग पित्त असेल म्हणून तुझ्या भावोजींनी दुकानातून गोळ्या आणल्या. शेवटी एक दिवस मधल्या पायरीवर दरदरून घाम फुटला आणि आमच्या लेसरवालीने, जाळ्या कापणाऱ्या पोरीने, मला सरळ रिक्षात घातलं. अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी, तिच्या सुरुवातीलाच, जवळजवळ बंद. अप्पांची होती तीच, तिथेच. डॉक्टर म्हणाले, स्टेंट घालावा लागेल, म्हणजे आपली जाळीच. मी म्हटलं, घाला की, त्यात काय. मी घाबरलेले वगैरे नाही, गैरसमज नको.

आपलं भांडण मला पुन्हा एकदा नीट मांडून बघायचंय, म्हणून लिहिते. तुला पाठ असेल, तरी वाच. जाळी फुग्यावर मिटून बसवतात, मनगटातून आत सरकवतात आणि हृदयाशी नेऊन फुगवतात. डॉक्टरला दिसतो तो फक्त एक्स-रेचा पडदा. धातू पडद्यावर उमटला नाही तर तो अंधारात चाचपडणार. जाड केला तर उमटतो, पण मग रक्तवाहिनीत गर्दी होते. मी म्हटलं, प्लॅटिनम धातूतच मिसळू, म्हणजे बारीक असूनही जाळी अंगभर दिसेल. तू म्हणालीस, एवढं कशाला, कोबाल्टचीच घ्यायची, आणखी बारीक करायची आणि दोन टोकांना प्लॅटिनमचा एकेक दाणा बसवायचा. टोकं दिसली की डॉक्टरला पुरे. एक अख्खा हिवाळा आपण डबे उघडे टाकून यावर भांडलो.

मग ती डॉक्टरांबरोबरची बैठक. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "ताईला काळजाला दागिना घालायचाय." सगळे हसले. त्यावर मी एक वाक्य बोलले. ते तुला आठवत असेल, मी परत लिहीत नाही. तू पर्स उचललीस आणि गेलीस, ती सरळ या दुसऱ्या कंपनीत.

तर हो की नाही, तेवढं कळव.

ताई


गुरुवार, १९ सप्टेंबर

बारके,

तुझं उत्तर नाही. पत्ता बदलला असेल असं मी जेवताना म्हटलं, तर तुझे भावोजी ताटातून मान वर न करता म्हणाले, "पत्ता बरोबर आहे." म्हटलं, तुम्हाला काय माहीत? "असणारच," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. समोर तांब्याभर पाणी होतं.

आज डॉक्टरकडे जाऊन आले. पोरगेलासा आहे, मला मावशी म्हणतो. मी विचारलं, धातू कोणता घालणार? त्याला वाटलं, विमानतळावर मशीन वाजेल की काय याची मला चिंता आहे. "काही वाजत नाही मावशी, बिनधास्त फिरा," म्हणाला. मग मी काय काम करते ते सांगितलं. तेव्हा खुर्ची पुढे ओढून बसला आणि नीट बोलायला लागला. माझी रक्तवाहिनी बारीक आहे. अंगभर दिसणारी जाळी त्या मापात सध्या त्यांच्याकडे येत नाही. ठिपक्यांची येते. सोमवारी तीच घालू, म्हणाला.

म्हणजे बघ. इतकी वर्षं मी भट्टीपुढे उभी राहिले आणि माझ्या वेळेला माझाच धातू मला होत नाही. तुझे भावोजी हसले. मीही हसले, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

खरं सांगू का, माझं धाबं दणाणलंय. मी वर्कशॉपला चपला घालून जायला लागले आहे. भट्टीजवळ बंद बूट हवेत हा नियम मीच केलाय, भिंतीवर माझ्याच सहीचा कागद आहे, आणि मीच चपला फटफटवत फिरते. लेसरवालीने विचारलं तर पाय सुजलेत म्हणून सांगितलं. पाय सुजलेले नाहीत. मला लेस बांधायला वाकवत नाही. वाकलं की अप्पा दिसतात, बूट घालताघालताच गेलेले. एका पायात बूट, त्याची लेस अर्धी बांधलेली, आणि दुसरा बूट तुझ्या हातात. तू केवढी होतीस, तो बूट किती वेळ सोडला नाहीस. आत्याने तुझी बोटं एकेक करून उघडली होती.

तुला कशाला आठवण करून देते आहे मी. उत्तर दे. एक शब्द.

ताई


शनिवार, २१ सप्टेंबर

बारके,

सोमवारचं मी रद्द केलं.

कारण तूच आहेस, म्हणून तुलाच सांगते. काल बाजारातून आणलेली तुमची एक जाळी मी आमच्या एक्स-रे मशीनवर ठेवली. वर आपली 'छाती' ठेवली. तोच प्लॅस्टिकचा जाड ठोकळा, माणसाच्या छातीऐवजी वापरतो तो, तू एका कोपऱ्यावर बॉलपेनने शर्टाचं बटण काढलं होतंस. बटण अजून आहे. फोटो काढला. दोन ठिपके आले, टपोरे, काळेभोर. मध्ये काही नाही. नुसतं धुकं. मी डोळे चोळून बघितलं, चष्मा बदलून बघितलं. काही नाही.

आता मला सांग, त्या धुक्यात काय आहे हे कुणी बघायचं? फुगवताना एखादी काडी मोडली तर? जाळी एका बाजूला दबून राहिली तर? डॉक्टर म्हणणार, ठिपके जागेवर आहेत मावशी, सगळं उत्तम. आणि मी टेबलावर पडून काय म्हणू, तुम्हाला दिसत नाही पण मला माहीत आहे?

दुसऱ्यांच्या छातीत हे चालतं तेव्हा आपण टक्केवारी बोलतो. माझ्या छातीत माझ्याच्याने टक्केवारी होत नाही. मला ती दिसायला हवी. सगळी.

डॉक्टर फोनवर म्हणाला, थांबणं बरं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. तुझे भावोजी काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं न बोलणं तुला माहीत आहे, घरभर ऐकू येतं.

तूही बोलत नाहीस. बरं आहे तुम्हा दोघांचं.

ताई


शुक्रवार, २७ सप्टेंबर

बारके,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

मंगळवारी जिन्यात पुन्हा झालं. या वेळी जबडा नाही, सरळ छाती. कुणीतरी आत मूठ आवळली आणि सोडेचना. मी पायरीवर बसले. जिभेखालची गोळी पर्समध्ये होती आणि पर्स वर टेबलावर. लोक खाली धावत येत होते आणि मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. सगळ्यांच्या लेस व्यवस्थित बांधलेल्या. मला वाटलं, झालं, हे शेवटचं बघायचं होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझ्या भावोजींचंही नाही. मी तुला हाक मारली. लेसरवाली विचारत होती, बारकी कोण.

गोळीने उतरलं. दवाखान्यात दोन रात्री ठेवलं. डॉक्टर रागावला नाही, ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी जिन्यात कुणी नसेल."

घरी आल्यावर पडल्या पडल्या एक गोष्ट टोचायला लागली. भट्टीतून धातूची वडी निघाली की आपण एकमेकींना काय विचारायचो? "पालथी घातलीस का?" प्लॅटिनम जड, ते तळाशी बसतं, म्हणून वडी पालथी करून पुन्हा वितळवायची, पुन्हा पालथी करायची. पहिल्या वितळण्यावर विश्वास ठेवायचा नाही. फोटोचंही तेच. तुकडा पालथा घालून दुसरा फोटो काढल्याशिवाय निकाल लिहायचा नाही. घरीसुद्धा तू मला तेच म्हणायचीस, मी कुणावर भडकले की. ताई, एकदा पालथं घालून बघ.

आणि त्या दिवशी मी तुझ्या जाळीचा एकच फोटो काढला होता. ठिपके दिसले, धुकं दिसलं आणि मशीन बंद केलं. दुसरा काढलाच नाही. नव्या आलेल्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

आज सकाळी तुझ्या भावोजींना म्हटलं, मला वर्कशॉपला जायचंय, दहा मिनिटं. ते म्हणाले, "जिना चढणार नाहीस." मग मालाच्या लिफ्टमधून नेलं मला, घडीची खुर्ची काखेत मारून. लिफ्टमध्ये खुर्ची उघडून बसवलं. मी बसून वर गेले, राणीसारखी, शेजारी तेलाचे डबे.

जाळी पालथी घातली, ठोकळा ठेवला, बटण दाबायला हात नेला आणि तेव्हा माझं आकड्याकडे लक्ष गेलं. व्होल्टेज वर होतं. माझ्या धातूला लागतं तेवढं. इतकी वर्षं हाताला तीच सवय, मशीन चालू केलं की बोटं आपोआप तिथे जातात. एवढ्या जोराच्या किरणांना तुझी बारीक जाळी आडवी येतेय कशाला, ते आरपार निघून जातात. दवाखान्यातलं मशीन समोरचं माणूस बघून आपलं आपण कमीजास्त करतं. आमचं आहे म्हातारं, सांगितलं तेवढंच ऐकतं.

व्होल्टेज खाली आणलं. पुन्हा फोटो.

आली गं. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सगळी आली. फिकट, केसासारखी, पण एकूण एक वळण मोजता येईल अशी. एकही काडी मोडलेली नाही. मी भिंगातून बघत राहिले. काम सुंदर आहे तुमचं. हे मी कुणासमोर म्हणणार नाही, पण लिहिते आहे.

आता तुला वाटेल, हिची भीती गेली. नाही गेली. उलट आता रद्द करायला कारण उरलं नाही. पुढच्या शुक्रवारची तारीख दिली आहे. मला रात्री कूस बदलायची भीती वाटते. तुझे भावोजी झोपेत माझं मनगट धरून ठेवतात, नाडी लागेल असं. त्यांना वाटतं मला कळत नाही.

मी अजून तोच प्रश्न विचारते आहे. तू घेशील का बसवून? आता मला कामाचं उत्तर नकोय. मला तू काहीतरी म्हणायला हवी आहेस. शिव्या दे हवं तर. त्या बैठकीत मी म्हटलं होतं, हिचं सगळं असंच असतं, दोन टोकं दाखवायची आणि मधलं झाकायचं. सगळ्यांना कळलं होतं मी कशाबद्दल बोलतेय. नवरा निघून गेल्यावर वर्षभर तू आम्हाला कुणाला कळू दिलं नव्हतंस, आणि मला ते शेजारणीकडून समजलं होतं. त्याचा राग होता. जाळीचा नव्हता.

उत्तर दे ना गं.

ताई


मंगळवार, १ ऑक्टोबर

बारके,

तुझं पाकीट आलं. आत एक सीडी आणि एक अक्षर नाही. तुझी खोड जायची नाही.

मला वाटलं तुमच्या चाचण्यांचे फोटो असतील, ठिपकेवाल्या जाळीच्या बाजूने पुरावे. म्हटलं, बघू या काय म्हणते. तुझ्या भावोजींनी त्यांचा जुना कॉम्प्युटर काढला. सीडी त्यांनी दोनदा उलटी घातली, आणि मला वाटलं माझ्या काळजीने.

पडद्यावर छाती आली. बरगड्या, आणि मागे ते हलणारं. कुणाचं तरी हृदय. रक्तात रंग अजून सोडलेला नव्हता, त्यामुळे रक्तवाहिन्या दिसत नव्हत्या. पण जाळी दिसत होती. त्या ठोक्याबरोबर वरखाली होणारी, बोटाच्या पेराहून लहान, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी. ठिपके नाहीत. अंगभर.

माझा धातू मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. मी हसून म्हटलं, बघा, शेवटी माझीच पाठवलीन, कुणा पेशंटची आहे कोण जाणे. तुझ्या भावोजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मग मी कोपऱ्यातली अक्षरं वाचली. तुझं नाव. पुढे माहेरचं आडनाव. खाली तारीख, गेल्या वर्षीच्या मार्चची.

तीच वाहिनी. अप्पांची, माझी आणि तुझी.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणाले, "तिने शपथ घातली होती. बाहेर मी एकटाच होतो." मार्चमध्ये ते दोन दिवस मित्राकडे म्हणून गेले होते. आले तेव्हा डोळे सुजलेले, आणि मी त्यांना फैलावर घेतलं होतं, की या वयात रात्रीच्या गाडीने प्रवास कशाला करायचा. जेवायला वाढतावाढता मी त्यांना माझ्या नव्या वडीबद्दल सांगत होते. ते ऐकत होते, बारके. तुझ्या उशापासून उठून आले होते आणि माझी वडी ऐकत होते.

मी त्यांच्यावर ओरडणार होते. त्याऐवजी सीडीच पुन्हा पहिल्यापासून लावली.

आणि आता ऐक, मला कशाची भीती वाटते आहे. माझी नाही. माझी होती तेवढी भिऊन झाली. काल दुपारपासून मी एकच आठवते आहे. तुझ्यात आहे ती कुठल्या वडीची असेल? ती मी नीट पालथी घातली होती का? घातलीच असणार, नेहमीच घालते, शिवाय फोटो निघतात, ताणून बघतात, सगळं होतं. हे सगळं मी दुसऱ्या कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्या दिवशी माझं डोकं दुखत असेल तर? कुणी मध्येच हाक मारली असेल तर? इतकी वर्षं ते लोकांना घालतात हे मला माहीत होतं. लोकांमध्ये तू होतीस हे माहीत नव्हतं. मी सीडी परत परत लावते आणि जाळीची काडी न् काडी बघते. तुझे भावोजी म्हणतात, पुरे कर. मी म्हणते, अजून एकदा, तिचं हृदय चालू आहे तोवर बघू दे.

तू ती मागून घेतलीस, का त्यांच्याकडे तीच होती? हे मला समोर बसून सांगायचं. पत्रात नाही, सीडीत तर नाहीच. आणि लक्षात ठेव, माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलंच नाहीस. मी तुझ्या जाळीचं विचारलं होतं, तू माझ्या जाळीचं सांगितलंस.

शुक्रवारी सकाळी नेतील. डॉक्टरला काल कळवलं, ठिपक्यांचीच घाला. तो म्हणाला, "मावशी, दुसरी मागवून बघू का, चारेक दिवसांत येईल." मी नाही म्हटलं. माझ्या बहिणीकडची आहे, म्हटलं. टेबलावर मी जागी असणार आहे. पडदा माझ्याकडे वळवायला सांगितलाय. दोन ठिपके दिसतील, आणि मधलं दिसलं नाही तरी मी तिथेच बघत राहीन.

मला फार भीती वाटते आहे. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, तुझ्या भावोजींनाही नाही. त्यांना आज विचारलं, शुक्रवारी बाहेर बसाल ना? तर म्हणाले, "एकदा एकट्याने बसलोय. पुन्हा एकट्याने नाही बसवणार." हे पत्र ते आजच कुरियरने पाठवतील, आणि माझ्या मागे तुला फोनही करतील. करू देत.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, त्यांच्या शेजारी बस. मी तिकडे जाताना चपला घालूनच जाणार, तेवढं धैर्य नाही. पण घरी येताना मला बूट घालायचे आहेत. पिशवीत ठेवायला सांगितले आहेत. मला वाकू देणार नाहीत, आणि तुझ्या भावोजींना गाठ धड मारता येत नाही.

लेस बांधायला ये.

ताई